सोळा पायऱ्यांचा धक्का

आज आपल्याला जरा लांब जायचं आहे, समुद्र ओलांडून. मुंबईहून विमानानं गेलं तर एका रात्रीत पोचता येतं, पण ज्या बायकांची आज गोष्ट सांगायची आहे त्या शिडाच्या जहाजातून गेल्या आणि त्यांतल्या कित्येक परत आल्याच नाहीत. जायचं आहे मॉरिशसला. हिंदी महासागरात, आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटाच्याही पूर्वेला आठशे किलोमीटरवर हे बेट आहे. आपल्या बीड जिल्ह्याचा पाचवा हिस्सा धरा, त्याहूनही ते लहानच.

आमच्यापैकी कुणीही तिथं गेलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुस्तकं, फोटो आणि भिंतीवर चिकटवलेला एक नकाशा घेऊन आम्ही बचत गटाच्या चार बैठका या बेटावर घातल्या. आधी हिशोब, मग कर्जाच्या मागण्या आणि मग मॉरिशस. हेच बेट का घेतलं, तर आमची गावं बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली आहेत. दसरा झाला की निम्मं गाव कोयता घेऊन उसाच्या फडावर जातं. आणि मॉरिशसची सगळी कथा उसाचीच आहे.

जाहिरातीत मॉरिशस म्हणजे निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं आणि नवीन लग्न झालेलं जोडपं. ते खोटं नाही. पण किनारा सोडून आत वळलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागतो. उसाच्या मधेमधे काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, काही ढीग तर देवळाच्या शिखराएवढे. जमीन लागवडीला आणताना मजुरांनी हातानं वेचून रचलेले हे दगड. आपल्याकडे बांधावर दगड रचतात तसेच, फक्त शंभर पटींनी. दगडही आपल्याच जातीचा, काळा कातळ. भूशास्त्राचे अभ्यासक सांगतात की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवरून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा उसळून आपलं दख्खनचं पठार तयार झालं, त्याच जागेनं फार नंतर मॉरिशस आणि शेजारचं रियुनियन ही बेटं घडवली. म्हणजे माणसं जायच्या कितीतरी आधी दगडाचं नातं होतं.

या बेटावर मूळची माणसं नव्हती. अरब खलाशांना ते ठाऊक होतं, पोर्तुगीज येऊन गेले, पण राहिलं कुणी नाही. १५९८ मध्ये डच आले आणि त्यांनी आपल्या मॉरिस नावाच्या राजपुत्राचं नाव बेटाला दिलं. १६३८ पासून त्यांनी वस्ती केली, जावा बेटाकडून ऊस आणला, काळं लाकूड तोडून नेलं. डोडो नावाचा न उडणारा पक्षी फक्त याच बेटावर होता, तो याच काळात कायमचा संपला. १७१० मध्ये डच निघून गेले. ऊस मागे राहिला.

मग फ्रेंच आले. १७१५ मध्ये त्यांनी बेट ताब्यात घेतलं आणि १७३५ मध्ये ला बुर्दोने नावाचा गव्हर्नर आला. आज राजधानी पोर्ट लुईच्या बंदरासमोर त्याचा पुतळा आहे. त्यानं बंदर बांधलं, रस्ते केले, इस्पितळ उभारलं, साखरेचे कारखाने सुरू करवले, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. बांधलं कुणी, ते मात्र पुतळ्याखाली लिहिलेलं नसतं. मादागास्कर आणि मोझांबिकहून धरून, विकत घेऊन आणलेल्या गुलामांनी ते बांधलं. तमिळ मुलखातूनही कारागीर आणले होते. बंदराजवळचं ते जुनं लष्करी इस्पितळ अजून उभं आहे आणि त्यात आता गुलामगिरीचं संग्रहालय केलं आहे. आम्हांला हे आवडलं. इमारत पाडली नाही, रंगवून हॉटेलही केलं नाही, जे घडलं तेच त्यात मांडलं.

गुलामांची आठवण सांगणारी दुसरी जागा म्हणजे बेटाच्या नैर्ऋत्य टोकाचा ले मॉर्न डोंगर. समुद्रातून सरळ उभा राहिलेला, पाचशे मीटरहून उंच कडा. मालकाच्या तावडीतून पळालेले गुलाम, बायकापोरांसह, या डोंगराच्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहायचे. तिथले लोक एक गोष्ट सांगतात. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा ती बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे निघाले. वर लपलेल्यांना वाटलं, हे आपल्याला धरायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही लोककथा आहे, कागदावरचा पुरावा नाही. पण ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, आणि २००८ मध्ये जगाचा वारसा म्हणून या डोंगराचं नाव नोंदलं गेलं. या गुलामांनी अंगणात शेकोटीभोवती नाचत म्हटलेलं गाणं-नाच म्हणजे 'सेगा'. आज हॉटेलांतून पर्यटकांसमोर रंगीत घागरे घालून सेगा नाचतात, तेव्हा त्याचं मूळ या दुःखात आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.

इंग्रजांनी १८१० मध्ये फ्रेंचांकडून बेट जिंकलं. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामगिरी कायद्यानं बंद झाली. आता ऐका. नुकसानभरपाई दिली गेली, सुमारे वीस लाख पौंड. कुणाला? गुलामांना नाही, त्यांच्या मालकांना. आणि सुटलेल्या गुलामांनी आणखी काही वर्षं 'शिकाऊ कामगार' म्हणून त्याच मालकाकडे राबायचं असं ठरलं. १८३९ मध्ये ते बंधन सुटलं तेव्हा बहुतेकांनी उसाच्या शेताकडे पाठ फिरवली. कोण पुन्हा जाईल?

पण साखर तर हवी होती. मग मालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली.

आता आपण पोर्ट लुईच्या धक्क्यावर येऊ. पर्यटकांच्या यादीत ही जागा शेवटी असते, आमच्या मते ती पहिली हवी. समुद्राच्या पाण्यातून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, मोजून सोळा. वर पडक्या भिंती, एक दरवाजा, काही खोल्या, स्वयंपाकाच्या आणि संडासाच्या जागा. पाहायला काही भव्य नाही. मधून मोठा रस्ता गेल्यानं मूळ इमारतींचा जेमतेम सातवा हिस्सा उरला आहे. पूर्वी हिला 'कुली घाट' म्हणायचे. १९८७ मध्ये नाव बदलून 'आप्रवासी घाट' केलं. २००६ मध्ये ही जागाही जगाच्या वारशात गेली, ताजमहाल आणि आपल्या वेरूळ-अजिंठ्याच्या पंगतीत.

२ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलस' नावाच्या जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले. छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातली ही माणसं कलकत्त्याहून आणली होती. इंग्रज सरकारनं याला 'मोठा प्रयोग' म्हटलं. प्रयोग हा की गुलामाऐवजी करारावरचा मजूर परवडतो का. परवडला. फारच परवडला. नंतर इतर वसाहतींतही हीच पद्धत गेली, त्रिनिदाद, गयाना, फिजी, दक्षिण आफ्रिका. एकट्या मॉरिशसला १८३४ पासून पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसं गेली. बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची सगळ्यांत जास्त, मग तमिळ आणि तेलुगू मुलखातली. मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली. त्यांत रत्नागिरीकडची आणि आसपासच्या मुलखातली आपली मराठी माणसं होती.

करार पाच वर्षांचा. पुरुषाला महिन्याला पाच रुपये पगार, वर तांदूळ, डाळ, मीठ, कपडा. निघताना काही महिन्यांचा पगार हातावर आगाऊ मिळायचा. त्या कागदाला इंग्रजीत अॅग्रीमेंट म्हणतात, लोकांच्या तोंडी त्याचं 'गिरमिट' झालं आणि जाणारा 'गिरमिटिया' झाला. माणसं गोळा करणारा दलाल बंगाल-बिहारकडे 'अरकाटी' म्हणून ओळखला जायचा. मॉरिशसला थोडी वर्षं काढलेला सरदार, म्हणजे टोळीचा मुकादम, हाही गावी परत यायचा आणि आपल्याच भावकीतली, शेजारपाजारची माणसं घेऊन जायचा. ओळखीचा माणूस म्हटल्यावर विश्वास बसतो.

हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या बैठकीत एक वयस्कर मावशी एवढंच म्हणाल्या, "मग ही उचलच झाली की." आम्ही पुढचं पान उलटलं नाही. अर्धा तास उचलीवरच बोलणं चाललं.

आणखी एक नियम सांगतो. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. याला तिथं 'डबल कट' म्हणत. ताप आला, बाळंतपण जवळ आलं, मालकाला वाटलं बहाणा आहे, की कापले. महिनाभर राबून मजूरच मालकाचा देणेकरी निघायचा. आपल्याकडे फडावर 'खाडा' झाला की काय होतं, ते तुम्हांला आम्ही सांगायला नको.

आता बायकांचं. सुरुवातीच्या जहाजांतून बायका फार थोड्या गेल्या. मजुरांवर होणाऱ्या जुलमाचा बोभाटा झाल्यावर हिंदुस्थान सरकारनं मजूर पाठवणं काही वर्षं बंद केलं होतं. १८४२ नंतर ते पुन्हा सुरू झालं तेव्हा पुरुषांबरोबर ठरावीक प्रमाणात बायकाही पाठवल्या पाहिजेत, अशी बंधनं हळूहळू आली. बायकांची काळजी म्हणून ही बंधनं आली असं कुणी समजू नये. बायको-मुलं सोबत असली की मजूर टिकतो, पळत नाही, हा हिशोब होता. जाणाऱ्यांत नवऱ्यासोबत गेलेल्या होत्या, विधवा होत्या, दुष्काळात घर मोडलेल्या होत्या, सासरचा जाच चुकवून निघालेल्याही होत्या. काळं पाणी ओलांडलं की जात बाटते असं सांगणाऱ्या समाजातून त्या निघाल्या होत्या. धाडस नाही तर काय म्हणायचं याला?

मॉरिशसमध्ये बहुतेक बायकांशी वेगळा करार होत नसे. नवऱ्याचा करार असायचा, ती त्याच्याबरोबरची. काम मात्र तिलाही होतं. खुरपणी, खत टाकणं, पाचट गोळा करणं, मालकाच्या घरची धुणीभांडी. कराराशिवायचं काम म्हणजे मर्जीचा पगार. आमच्याकडे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. तोडणी दोघांची, मोळ्या बांधून डोक्यावर वाहणं बहुतेक तिचं, उचल त्याच्या नावावर. आम्ही मुद्दाम जोडलेलं नाही, ते आपोआप जुळतं.

दुसरी गोष्ट याहून वाईट. अग्नीसमोर लागलेलं लग्न किंवा निकाह तिथल्या सरकारदरबारी धरला जात नसे, कागदावरची नोंद हवी. ती नसली की बाई कायद्याच्या लेखी लग्नाची नाही, मुलं लग्नाची नाहीत, आणि नवरा मेला की त्याच्या चार पैशांवर हक्क सांगायची पंचाईत. लग्नाची नोंदणी करून घ्या म्हणून आम्ही गटागटांत ओरडत असतो, त्याला ही जुनी साक्ष मिळाली.

आणि तरीही एक कागद त्या बाईचा होता. जहाजातून उतरलं की सोळा पायऱ्या चढून आत डेपोत जायचं. डेपोत साधारण दोन दिवस ठेवत. प्रत्येकीला एक नंबर मिळे. जाडजूड वहीत तिची ओळ भरली जाई. नाव, वडिलांचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, कोणतं जहाज, कोणता मालक. १८६० च्या दशकापासून फोटोही काढू लागले. गोरा कारकून कानावर पडेल तसं नाव लिहायचा, म्हणून नावांची पार मोडतोड झाली. आडनाव लावायची पद्धत सगळ्यांत नव्हती. मग आजोबांचं नुसतं नाव पुढे घराण्याचं आडनाव होऊन बसलं.

या वह्या काही प्रेमानं ठेवलेल्या नव्हत्या. मजूर पळाला तर शोधायला त्या होत्या. १८६७ च्या कायद्यानं तर करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला परवाना सतत जवळ बाळगायची सक्ती केली. नसला की भटका म्हणून पोलीस धरायचे. त्याविरुद्ध १८७१ मध्ये एक अर्ज झाला. अडॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका युरोपियन माणसानं मजुरांची बाजू घेतली आणि ९४०१ जणांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज गव्हर्नरला दिला. मळेवाले त्याच्यावर चवताळले. पण विलायतेहून चौकशीला आयोग आला आणि जुलूम खरा असल्याचं त्याला लिहावं लागलं.

ज्या वह्या मजुराला बांधून ठेवायला केल्या, त्याच आज त्याच्या पणतवंडांचा आधार आहेत. त्या मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. मॉरिशसचा माणूस तिथं जातो, खापरपणजीचा नंबर काढतो, तिचा फोटो पाहतो आणि तिच्या गावाचं नाव घेऊन हिंदुस्थानात येतो. कुणाला गाव सापडतं, कुणाला नाही. फोटोतल्या बायका आम्ही बराच वेळ पाहत बसलो. पदर डोक्यावर, नजर सरळ, हसू नाही. हे यंत्र काय करणार आहे हेच बहुतेक कळलं नसेल.

आता देवळांकडे वळू. मजुरांनी तिथं सगळ्यांत आधी बांधलं ते मोठं देऊळ नव्हतं. मळ्याच्या कडेला झाडाखाली दगड मांडले, शेंदूर लावला, तांबडं फडकं बांधलं. याला तिथं 'कालीमाई' म्हणतात. अनेक ठिकाणी सात दगड असतात, सात बहिणींचे. आपल्या विहिरीवरच्या, ओढ्याकाठच्या सातीआसरा आठवतात की नाही? पटकी, देवी, हिवताप यांपासून लेकरं वाचावीत म्हणून बायका तिथं नैवेद्य ठेवायच्या. साखर कारखाने वाढले, बंद पडले, त्यांची धुराडी नुसती उभी राहिली, पण कालीमाई अजून आहेत.

मोठी देवळं नंतर आली, गाठीला पैसा आल्यावर. उत्तरेच्या त्रिओले गावातलं महेश्वरनाथाचं देऊळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचं. त्याच गावच्या पुजाऱ्याला १८९७ मध्ये स्वप्न पडलं की डोंगरातल्या एका तळ्याचं पाणी गंगेशी जोडलेलं आहे. पुढच्या वर्षी काही माणसं रान तुडवत तिथं गेली, पाणी घेऊन आली आणि महाशिवरात्रीला पिंडीवर घातलं. विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं हे तळं. आधी त्याला परी तलाव म्हणत, १९७२ मध्ये भारतातून गंगेचं पाणी नेऊन त्यात ओतलं आणि ते गंगा तलाव झालं. आता तिथं १०८ फूट उंच शंकराची मूर्ती उभी आहे. महाशिवरात्रीला खांद्यावर कावड घेऊन लाखो माणसं चालत येतात, वाटेत जागोजाग पाणी आणि फळं वाटतात. वारीची सवय असलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. मूर्ती मोठी आहे खरी, पण आमचं मन तिच्यापेक्षा त्या पहिल्या रान तुडवणाऱ्यांत अडकलं. गंगा परत भेटणार नाही हे कळल्यावर त्यांनी ती इथंच शोधली.

एकाच बेटावर इतके देव कसे नांदतात, हे पाहायचं तर सप्टेंबरमध्ये पोर्ट लुईच्या सेंत क्र्वा भागात जायचं. तिथं फादर लावाल यांची समाधी आहे. हे फ्रेंच धर्मगुरू १८४१ मध्ये आले. नुकत्याच सुटलेल्या गुलामांत राहिले, त्यांची क्रिओल बोली शिकले. ९ सप्टेंबर १८६४ ला वारले. त्यांच्या पुण्यतिथीला हजारो लोक रात्रभर चालत येतात, त्यांत ख्रिश्चन असतात तसे हिंदू आणि मुसलमानही असतात. मुंबईत वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा त्याच सुमारास भरते. तिथंही मेणबत्ती लावायला सगळेच जातात.

आपली मराठी माणसं बेटाच्या पश्चिम आणि दक्षिण भागात जास्त वसली, ले मॉर्नच्या डोंगरापासून फार लांब नाही. ती संख्येनं थोडी, पण चिवट. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते, हे ऐकून आमच्या बैठकीत टाळ्या पडल्या. मिरवणूक निघते आणि मूर्ती समुद्रात विसर्जन करतात. कोकणातलं जाखडी नृत्य तिथं अजून नाचतात, त्याला 'झाकरी' म्हणतात. घरात बोलायची भाषा आता बहुतेकांची क्रिओल आहे, मराठी शाळेत शिकतात. देवापुढं मात्र मराठी टिकून आहे. आणि भोजपुरी बायकांनी लग्नाआधीच्या गाण्यांचा आपला 'गीत-गवाई' विधी असा जपला की २०१६ मध्ये युनेस्कोनं त्याची जगाच्या वारशात नोंद केली. हळद दळताना म्हणायची गाणी आपल्याकडच्या म्हाताऱ्यांबरोबर चालली आहेत, तेवढं या निमित्तानं बोलून घेतो.

पाच वर्षं संपली की काही परत आले, काहींनी पुन्हा करार केला. काही मात्र पै-पै साठवत राहिले. १८८० च्या आसपास साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. त्या या मजुरांनी घेतल्या. गाय पाळली, भाजी लावली, स्वतःचा ऊस लावला. गावात संध्याकाळी जमायला एक खोली बांधली, तिला तिथंही 'बैठका' म्हणतात. रामायण वाचायचं, मुलांना अक्षरं शिकवायची, भांडणं मिटवायची, कुणाच्या घरी अडचण असेल तर मदत करायची. आपल्या गटासारखंच, फक्त बँकेचं खातं नव्हतं.

गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून घरी येताना जवळपास तीन आठवडे या बेटावर थांबले होते. मुलांना शिकवा, राजकारणात भाग घ्या, असं सांगून गेले. पुढे त्यांच्या सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर नावाचे बॅरिस्टर १९०७ मध्ये गेले आणि मजुरांचे खटले लढले. हे झालं मोठ्या माणसांचं.

आम्हांला सांगायची आहे ती अंजले कुपेन. उसाच्या मळ्यावरची मजूर, बत्तीस वर्षांची, पोटुशी. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये बेल व्यू हारेल या मळ्यावर पगारवाढीसाठी मजुरांनी काम थांबवलं होतं. २७ तारखेला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चार जण मेले, त्यांत ती एक. तिचं काही भाषण नोंदलेलं नाही, ती पुढारी नव्हती. आज त्या भागातल्या मोठ्या मैदानाला तिचं नाव आहे, देशाचे फुटबॉलचे सामने तिथं होतात. राजाच्या, गव्हर्नरच्या नावाची मैदानं पुष्कळ असतात. खुरपणाऱ्या बाईच्या नावाचं मैदान आम्हांला दुसरं माहीत नाही.

तिच्यानंतर पाच वर्षांनी, १९४८ च्या निवडणुकीत, बेटावर चालणाऱ्या कोणत्याही भाषेत साधं वाक्य लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला मत मिळालं. बाईलाही. तोवर मत फक्त मालमत्तावाल्यांचं होतं. मग बैठकांमधून रात्री कंदील लावून वर्ग चालले. दिवसभर उसात राबलेली माणसं पाटीवर आपलं नाव गिरवू लागली, कारण परीक्षा देऊन मतदार यादीत यायचं होतं. हजारो आले. डेपोच्या वहीत ज्यांच्या आजीचं नाव दुसऱ्यानं वेडंवाकडं लिहिलं, त्यांनी ते आता स्वतः लिहिलं. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. आज तिथल्या दर तीन माणसांत दोन भारतीय वंशाची आहेत.

पर्यटक तिथं जुने मळेवाल्यांचे वाडे पाहतात, रुंद व्हरांडे, बागा, चांदीची भांडी. पांप्लमूसच्या बागेत थाळ्याएवढी कमळाची पानं पाहतात. जवळच बो प्लाँचा बंद पडलेला साखर कारखाना आता साखरेचं संग्रहालय झाला आहे. आमच्यापैकी कुणाला कधी जायचा योग आला तर वाडे जरूर पाहू. पण वेळ कमी असेल तर सोळा पायऱ्या, एखादी कालीमाई आणि अंजलेचं मैदान एवढं पुरे.

चौथ्या बैठकीत प्रश्न निघाला तो असा. दीडशे वर्षांपूर्वी रत्नागिरीची बाई समुद्रापलीकडे उसात गेली, तिचं नाव, गाव, फोटो आजही सापडतो. गेल्या हंगामात आमच्या गावची कोण कोण बाई कोणत्या कारखान्यावर गेली, हे कुठं लिहिलेलं आहे? मुकादमाच्या डायरीत कोयते लिहिलेले आहेत, आणि तेही नवऱ्याच्या नावानं. बाईचं नाव तिथं नाही, आमच्याही दप्तरात नव्हतं. हप्ता थकला की 'स्थलांतरित' असा एक शेरा मारून आम्ही मोकळ्या होत होतो.

म्हणून ग्रामसंघानं एक वही केली आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. प्रत्येक बाईला स्वतंत्र ओळ. तिचं नाव, माहेरचं नाव, वय, सोबतची मुलं आणि त्यांची इयत्ता, घरी मागे राहिलेली म्हातारी माणसं, मुकादमाचं नाव, कारखाना, उचल किती आणि ती कुणाच्या हातात पडली, गरोदर असेल तर कितवा महिना, गटाचा हप्ता कोण भरणार, आणि तिथं पोचल्यावरचा फोन नंबर. शेवटच्या रकान्यात अंगठा चालणार नाही असं ठरलं आहे. ज्यांना सही येत नाही त्यांनी गुरुवारी संध्याकाळी समाजमंदिरात यायचं, पाटी-पेन्सिल आमची. दसऱ्याला अजून सात आठवडे आहेत. तुमच्या गावात अशी वही करायची असेल तर रकाने आखलेला नमुना प्रभागसंघाच्या कार्यालयात ठेवला आहे, तो मागून घ्या.